बारशाआधीचा

स्मृति नगर, भिलाई
१० फेब्रुवारी २०२५

रुक्माताई,

सेक्टर पाचच्या क्वार्टरमध्ये दुपारी आपण दोघीच जेवायला बसायचो. हे स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसमध्ये असायचे. तुम्ही वरणाची पळी उचलली की मी ताटावर आडवा हात धरायची. तुम्ही रोज तेच विचारायचा, "वसू, तुले वरन कावून नाई पाह्यजे वो? तुह्या कॉन्व्हेंटात डाळ नोती शिजत का?" मी म्हणायचे, डोकं दुखतं. त्यावर तुमचं ठरलेलं, "डाळीनं डोस्कं दुखते हे पयल्यांदाच आयकून राह्यली. नवऱ्यानं दुखते म्हन, समजते." मग माझ्या कोरड्या भातावर तिखट घालून तुम्ही वरून कच्चं तेल सोडायचा आणि आपण हसत हसत जेवायचो. तुम्ही तेव्हा पस्तिशीच्या, मी सव्वीसची.

आज हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये जावयाने माझ्यासमोर डाळ-भात आणून ठेवला आणि माझा हात आपोआप ताटावर गेला. छत्तीस वर्षं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज कागद घेऊन बसले आहे तो त्या हातामुळे, असं समजा.

बातमी अशी. आमच्या दिपालीला सहा तारखेला मुलगा झाला. दिपालीला तुम्ही एकदाच पाहिलं आहे, ह्यांच्या, तुमच्या भावाच्या, तेराव्याला. तुम्ही आमगावहून आलात, अंगणात पायरीवर बसलात, आणि जिच्या हातचं पाणी न घेता परत गेलात ती मुलगी. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. आनंद, म्हणजे तिचा नवरा, रायपूरला नोकरी करतो. घर इथेच जुनवानीला आहे, पण पहिलं बाळंतपण म्हणून ती माझ्याकडे आली. बाळ तीन किलोचं, गोरं, हाताची बोटं लांब. आनंद त्याला गोलू म्हणतो. बारसं व्हायचं आहे.

दोन दिवस सगळं छान होतं. घरी आणलं आणि जन्मापासूनच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने दूध सोडलं. तोंडाशी धरलं तर नुसता झोपून जायचा. दुपारपर्यंत श्वास असा चालायला लागला की जणू हे एवढंसं मूल कुठून तरी धावत आलं आहे. दिपाली म्हणाली, "आई, ये ऐसे क्यों कर रहा है?" मी पलंगाच्या कडेला उभी होते. मला वाटलं, हे आपण कुठेतरी पाहिलं आहे. वाटलं, एवढंच.

काल, नऊ तारखेला, सकाळी त्याला इथल्या मुलांच्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात ठेवलं. डॉक्टर कमलिनी म्हणून आहेत, चाळिशीच्या, मराठी बोलतात. संसर्ग असावा असं धरून औषधं चालू केली आहेत. उद्यापर्यंत उतार पडेल का ते बघायचं. त्यांनी बसवून घरातली सगळी माहिती विचारली. सांगण्यासारखं होतं ते मी सांगितलं.

हे तुम्हालाच का लिहिते आहे, ते अजून मला नीट लिहिता येत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना शिकवायच्या की पत्रात आधी समोरच्याची विचारपूस करावी, मग आपलं सांगावं. ते राहूनच गेलं. तुमचे गुडघे कसे आहेत?

वसुंधरा


१२ फेब्रुवारी

रुक्माताई,

परवाचं पत्र टपालात टाकलं नाही. पाकिटात घालण्याआधी एकदा वाचावं म्हणून वाचलं आणि एका वाक्यापाशी थांबले. 'सांगण्यासारखं होतं ते मी सांगितलं.' एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. मुलांनी असं वाक्य लिहिलं की मी त्याखाली लाल रेघ मारायची. उत्तर येत नसलं, किंवा येत असून द्यायचं नसलं, की मुलं असं लिहितात.

काय झालं ते लिहिते. डॉक्टर कमलिनींनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. दिपालीचा गोल, आनंदचा चौकोन, त्याच्या वर आम्ही. फळ्यावर हे मी किती वेळा काढलं असेल. त्यांनी विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

मी म्हटलं, "एक."

"एकच? मधे एखादं गेलेलं, अपुऱ्या दिवसांचं, असं काही?"

"एकच."

ताई, मी खोटं बोलते आहे असं मला वाटलंही नाही. खानेसुमारीवाले आले तेव्हा एक. रेशनकार्डावर एक. शाळेच्या नोकरीच्या फॉर्मवर एक. ज्याचं बारसं झालं नाही तो मोजायचा नाही, असं माझ्या आईने मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि मी ते असं पाळलं की पुढे पाळते आहे हेही विसरले. आणि तो आजाराने गेला असं तर आपल्या घरात कुणी कधी म्हटलंच नव्हतं. डॉक्टर आजारांबद्दल विचारत होत्या. आमच्याकडे झाला तो, मी मानत आले तसा, अपघात होता. कुणाच्या तरी हातून झालेला.

पण पलंगाजवळ मी ओळखलं होतं. तेही तितकंच खरं आहे.

नऊ तारखेला सकाळी अकराला मी 'एक' म्हटलं. दहा तारखेला संध्याकाळी पाचला, तुम्हाला लिहिलेलं पत्र हातात घेऊनच, परत वर गेले. डॉक्टर दिपालीशी बोलत होत्या. मी दारातूनच म्हटलं, "मला आधी एक मुलगा झाला होता. पाचव्या दिवशी गेला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दूध सोडलं होतं?"

"हो."

"झोपून राहायचा? श्वास जोरात?"

"हो."

डॉक्टर झटकन उठल्या. मागे वळून सिस्टरला म्हणाल्या, "अमोनियासाठी रक्त पाठवा. आत्ता. बर्फात." सगळं चालू झाल्यावर, दहा मिनिटांनी, त्या माझ्याजवळ आल्या आणि हिंदीत बोलल्या. माणसं दमली की इथे हिंदीत बोलतात. "आंटी, ये कल क्यों नहीं बताया?"

दिपाली माझ्याकडे बघत होती. आपल्याला एक भाऊ होता हे तिला तेहतिसाव्या वर्षी, अतिदक्षता विभागाच्या दारात, असं कळलं.

आता थोडं सोपं करून सांगते, कारण हे तुम्हाला कळायला हवं. आपण दूध पितो, डाळ खातो, त्यातून शरीरात एक विषारी वायू तयार होतो, अमोनिया. यकृत त्याचं रूपांतर करून तो लघवीवाटे बाहेर टाकतं. काही मुलांच्या यकृताला ते काम येतच नाही. आईच्या पोटात असेपर्यंत आई त्याच्या वतीने ते करते. जन्मल्यावर दूध सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत विष मेंदूपर्यंत चढतं. गोलूचा आकडा शंभराच्या आत हवा होता. तो नऊशेच्या वर होता. त्याच संध्याकाळी दूध बंद, साखरेचं पाणी शिरेतून, आणि रक्त धुवायचं यंत्र. तीन किलोच्या मुलाला ते यंत्र लावलेलं बघवत नाही. मी बघितलं.

पण हे काम न येण्याचे सहा-सात प्रकार असतात. नेमका कोणता, ते कळल्याशिवाय औषध अंदाजाने द्यावं लागतं. त्यासाठी इथे तीन महिन्यांपासून एक नवी तपासणी सुरू झाली आहे. बाळाचं, आईचं आणि वडिलांचं रक्त एकत्र पाठवायचं, तिकडे बाळाची सगळी आनुवंशिक लिखावट वाचून काढतात. काल सकाळच्या विमानाने रायपूरहून तीन नळ्या बंगलोरला गेल्या. चार-पाच दिवसांत उत्तर येईल. पूर्वी दोन-दोन महिने लागायचे. वॉर्डातली एक वयस्क छत्तीसगढी सिस्टर मला म्हणाली, "पहले रिपोर्ट आती थी न माताजी, तो फोन हमीं को करना पड़ता था. लइका तो रहता नहीं था. मां पूछती थी, अब काबर बताथव?" मूल गेल्यावर आता कशाला सांगता, असं विचारायच्या त्या बाया.

नळीवर नाव लिहायचं होतं. इथे सगळ्या नवजात मुलांच्या नळ्यांवर 'दिपालीचं बाळ', 'सरिताचं बाळ' असंच लिहितात. दिपालीने सिस्टरचा पेन धरलेला हात थांबवला आणि म्हणाली, "नाव लिहा. गोलू तर गोलू." माझ्याकडे न बघता म्हणाली.

वसुंधरा


१६ फेब्रुवारी

रुक्माताई,

रिपोर्ट काल दुपारी आला. बंगलोरच्या एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेच्या कागदावर, वरच्या ओळीत, 'मास्टर गोलू' असं छापून आलं आहे. ते वाचून आनंद पहिल्यांदा हसला आणि लगेच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दोष एका जागी सापडला. डॉक्टर समजावून सांगायला लागल्या, मग मधेच थांबून म्हणाल्या, "तुम्ही हेच शिकवत होता ना? तुम्हीच सांगा मुलीला." त्यांना वाटलं, त्याने मला धीर येईल.

मी कागद घेतला. एक्स गुणसूत्रावरचा दोष. बाईकडे दोन एक्स असतात, एक बिघडलेला असला तरी दुसरा काम निभावून नेतो. मुलग्याकडे एकच. तो बिघडलेला मिळाला तर त्याच्याकडे दुसरा नाही. गोलूकडे दिपालीकडून आला. दिपालीकडे कुठून आला? वडिलांकडून आला असता तर ह्यांनाच तो आजार झाला असता, आणि हे चोपन्नाव्या वर्षापर्यंत प्लांटच्या टीमकडून व्हॉलीबॉल खेळत होते. मग राहिला एकच गोल. मी त्या गोलात वाहकाचा ठिपका काढला. हात चुकला नाही. फळ्यावर हजार वेळा काढलेला ठिपका आहे तो, आणि हजार वेळांत एकदाही मला वाटलं नाही की तो माझा असू शकतो.

डॉक्टर म्हणाल्या, "अशा बायकांना स्वतःला थोडा त्रास होतो कधीकधी. डाळ, अंडी, पनीर जास्त झालं की डोकं दुखतं, मळमळतं. काहींना तर लहानपणापासून डाळ नकोशीच असते. तुम्हाला कधी असं?"

मला हसू आलं. त्यांना ते विचित्र वाटलं असणार. ताई, तुम्ही रोज पळी हातात घेऊन मला तेच विचारत होता. कावून नाई पाह्यजे वो. तेव्हा उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण प्रश्न बरोबर होता. सगळ्या सेक्टरमध्ये तो प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच होता.

आता ऑगस्ट अठ्ठ्याऐंशीचं लिहिते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथे होता. तरी माझ्या हाताने लिहिते, कारण आजवर मी हे उलट्या क्रमाने सांगत आले.

लोकांना मी असं सांगितलं: बाळ चांगलं होतं. नणंदेने सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळून घुटी दिली, आणि बाळ झोपलं ते उठलं नाही.

झालं असं: चौथ्या दिवशी पहाटेपासून बाळ दूध घेईना. दहा वाजता मीच तुम्हाला म्हटलं, "ताई, काहीतरी द्या ना ह्याला." तुम्ही म्हणालात, "एवढ्या लवकर नाई देत मी कोनाले. पाच दिस तं होऊ दे." मी रडायला लागले. म्हटलं, "शेजारच्या केवलरामच्या पोरांना देता, माझ्याला का नाही?" मग तुम्ही उगाळली. दोन वेढे, जास्त नाही. करंगळीने त्याच्या ओठाला लावली. बहुतेक तर बाहेरच आली.

आधी त्याने दूध सोडलं. घुटी नंतर. कार्यकारणभावाचा पहिलाच नियम, आठवीच्या मुलांना मी पहिल्या तासाला सांगायचे: कारण आधी येतं.

पाचव्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरी काही दिलं का. तुम्ही त्याचं दुपटं हातात धरून माझ्या शेजारी उभ्या होता. मी इंग्रजीत बोलले. तुम्हाला कळू नये म्हणून बोलले, की तुम्हाला न कळता सगळ्यांना कळावं म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. मी म्हटलं, शी हॅज गिव्हन हिम पॉइझन. तुमच्या हातातलं दुपटं हललं नाही. मला वाटलं, कळलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही ह्यांना विचारलंत. मी आतल्या खोलीत होते. "सुशील, पॉइझन म्हनजे तेच ना रे, प्लांटातल्या बोर्डावर थे हाडकाचं डोस्कं काढलं असते, त्याच्या खाली लिव्हलं असते थे?" तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. सकाळी हे तुम्हाला दुर्ग स्टेशनवर सोडून आले. मी विचारलं, काही बोलल्या का? हे म्हणाले, "तिकीट पाहून घे म्हनली." बस. लग्न झाल्यापासून हे माझ्याशी हौसेने इंग्रजी बोलायचे, चुकलं तर मी सुधारायची. त्या दिवसानंतर अठ्ठावीस वर्षांत एक इंग्रजी शब्द बोलले नाहीत.

आणि मी बोलत राहिले. नणंदेने बाळाला विष घातलं असं केवलरामची बायको घरोघरी म्हणाली, तिने म्हटलं ते मी खोडलं नाही. तुमच्या हातांनी सेक्टरमधली किती मुलं न्हाली, किती जणांची मालिश झाली. त्या घरांपैकी एकानेही पुन्हा तुमचं नाव काढलं नाही.

काल मी डॉक्टर कमलिनींना विचारलं, "घुटीने असं होऊ शकतं का?"

"कसली घुटी?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नवजात मुलाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, हे मी सगळ्यांनाच सांगते. पण तुम्ही विचारता ते वेगळं आहे. मुलगा, चौथा दिवस, दूध सोडणं, आणि आई तुम्ही. ते याच आजाराने झालं असणार. फार मोठी शक्यता आहे. शंभर टक्के म्हणणार नाही, त्याचं रक्त आपल्याकडे नाही."

"एवढं लिहून द्याल?"

"कुणासाठी?"

"एका बाईंसाठी."

त्यांनी लेटरहेड ओढलं.

मी बाहेर आले तर दिपाली बाकावर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, दार उघडंच होतं. "ती आत्या? जिनं माझ्या हातचं पाणी नाही घेतलं, ती?"

"हो."

"आणि तू मला सांगितलंस, की ती तुसडी आहे."

मी डॉक्टरांच्या पत्राची घडी केली.

"छत्तीस साल, आई. आणि माझ्या मुलाचे तीस तास." ती मोठ्याने बोलत नव्हती. "तीस तास तू खाली कॅन्टीनमध्ये बसून होतीस. तुझे मालूम था."

"मला वाटलं नव्हतं…"

"मुझे अभी तेरा चेहरा नहीं देखना. बाहेर बस."

मी बाहेर बसले. जिन्याजवळ एक खुर्ची आहे. तिथून आतलं काही दिसत नाही, पण यंत्राचा आवाज येतो. दार उघडलं की येतो, मिटलं की थांबतो. दार मिटलेलं असताना मला दुसऱ्या एकाचा श्वास ऐकू येतो, धावत आल्यासारखा. छत्तीस वर्षं तो कुठे होता कोण जाणे. कालपासून तो माझ्या खुर्चीपाशी आहे. मी त्याला हाक मारू शकत नाही. हाक मारायला नाव लागतं.

वसुंधरा


३ मार्च

रुक्माताई,

हे शेवटचं, आणि हे टाकणार आहे. आधीची तिन्ही याच पाकिटात आहेत. तारखेच्या क्रमाने वाचा. माझ्याबद्दल मत बनवायला हा क्रम तुम्हाला उपयोगी पडेल.

गोलू जगला. यंत्र नवव्या दिवशी निघालं, श्वासाची नळी अकराव्या. रिपोर्टने आजाराचं नाव दिल्यामुळे नेमकं औषध मिळालं. परवा, पाच तारखेला, त्याला घरी सोडणार आहेत. डोक्याचा फोटो काढला आहे. त्या दिवसांत मेंदूचं किती गेलं ते आज कुणी सांगू शकत नाही, डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी कळायला लागेल. उजेडाकडे बघतो. टाळी वाजवली तर कधी दचकतो, कधी नाही. ते तीस तास त्यात किती, आणि आजार किती, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते वेगळं काढता येत नाही." मी रोज काढून बघते.

त्याला मापून दिलेलं खास पावडरचं दूध आणि आईचं थोडं, दर तीन तासांनी. औषध दिवसातून चार वेळा. उपाशी ठेवायचं नाही, ताप आला तर घरी थांबायचं नाही. दहा किलोचा झाला की आनंदच्या यकृताचा तुकडा त्याला बसवतील. तोपर्यंत असं एक-एक दिवस करून न्यायचं आहे. आनंदला रायपूरला जावं लागणार. दिपाली एकटी. ती माझ्या हातात त्याला देत नाही. बरोबर आहे तिचं.

परवा मी तिला म्हटलं, "आत्याला बोलावू का?" ती बराच वेळ दुधाची बाटली धूत राहिली. मग म्हणाली, "विचार. बोलावू नको."

म्हणून विचारते आहे. याल का? मुलाला हाताळावं ते तुम्हीच, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याला घुटी द्यायची नाही, डॉक्टरांनी बजावलं आहे. हे वाक्य माझ्या हातून तुम्हाला लिहिलं जावं याची मला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर पुन्हा तेच होईल, सांगायचं ते न सांगण्याचं.

मी घरी असणार नाही. माझी धाकटी बहीण जया नागपूरला असते. तिची मुलगी दीक्षा सातव्या महिन्यात आहे. मला जे आईकडून मिळालं ते जयालाही मिळालं असू शकतं, आणि तिच्याकडून दीक्षाला. आधी कळलं तर तिच्या बाळावर पहिल्या तासापासून उपचार करता येतील. मी जयाला फोन केला. ती म्हणाली, "रविवारी पोरीचं डोहाळेजेवण आहे, आणि तू हे अभद्र बोलून राहिलीस? ठेव फोन." आणि फोन बंद झाला. मी समजू शकते, मीही असंच केलं असतं. म्हणून डोहाळेजेवणालाच जाते आहे. ओटी भरेन आणि कागद हातात देईन. सगळ्यांसमोर, मराठीत.

तिथून कधी परत यायचं ते दिपाली ठरवेल.

आता कुणाला काय, ते लिहिते.

घराची किल्ली कोपऱ्यावर इस्त्री करणाऱ्या भैयालाल प्रेसवाल्याकडे ठेवली आहे. तुमचं नाव सांगा, मी त्याला सांगून ठेवलं आहे की घरच्या मोठ्या बाई येणार आहेत. पुढची खोली तुमची, तिथे सकाळी ऊन येतं.

डॉक्टर कमलिनींच्या पत्राची मूळ प्रत तुमची. ती याच पाकिटात आहे. ते इंग्रजीत आहे, खाली मी ओळीओळीने मराठी केलं आहे. 'फार मोठी शक्यता' तिथे 'फार मोठी शक्यता' असंच लिहिलं आहे, वाढवलं नाही. कुणाला दाखवायचं, दाखवायचं की नाही, ते तुमच्या मनावर. केवलरामची बायको अजून सेक्टर पाचातच मुलाकडे असते. तिला एक प्रत मी काल स्वतः देऊन आले आणि दारातच वाचून दाखवली. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून दोनदा वाचली. शेजारच्यांनीही ऐकली.

बंगलोरच्या रिपोर्टची एक प्रत दिपालीच्या लाल फायलीत. कुठल्याही हॉस्पिटलात पाऊल ठेवलं की ती फाइल आधी, बाकीचं बोलणं नंतर. दुसरी प्रत दीक्षाची, ती माझ्या पिशवीत आहे.

डॉक्टरांनी काढलेला घराण्याचा कागद, चौकोन आणि गोलांचा, तोही दिपालीला. माझ्या खाली आता दोन खुणा आहेत. एका चौकोनावर तिरपी रेघ आहे, त्याच्याखाली नावाची जागा कोरी आहे. तुम्ही त्याला तेल लावताना काहीतरी म्हणत होता. चार दिवस मी ते पलंगावरून ऐकत होते, मला आता ते आठवत नाही. तुम्हाला आठवत असलं तर दिपालीला सांगा, ती लिहील. मला कळवायलाच हवं असं नाही.

ही चारही पत्रं तुमची. वाचून झाल्यावर फाडलीत तरी चालेल, दिपालीला वाचायला दिलीत तरी चालेल.

आणि गोलू. तुम्ही आलात तर दिपालीने त्याला स्वतः तुमच्या हातात द्यायचं, मधे कुणी घ्यायचं नाही, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "मान आधारानं धरावी लागते त्याची. तिला सांगून ठेव."

सांगते आहे. मान आधाराने धरावी लागते.

वसुंधरा